एकाच अंगणातले दोन यज्ञ

गृहस्थाने रोज करावयाची जी पाच कर्तव्ये धर्मशास्त्राने पंचमहायज्ञ या नावाने सांगितली आहेत, त्यांपैकी ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ आणि पितृयज्ञ ही तीन अनुक्रमे अध्ययन, होम आणि तर्पण यांच्या रूपाने डोळ्यांना न दिसणाऱ्यांसाठी केली जातात. उरलेली दोन मात्र ज्यांच्यासाठी करावयाची ते प्रत्यक्ष दारात येऊन उभे राहतात. भूतयज्ञ म्हणजे शिजलेल्या अन्नातला वाटा, ज्याला शास्त्रात बली म्हणतात, तो प्राणिमात्रांसाठी काढून ठेवणे, आणि नृयज्ञ म्हणजे अतिथीचे स्वागत. मराठी घरांत या दोहोंच्या खुणा गोग्रासात, श्राद्धाच्या काकबळीत आणि जेवणाआधी ताटाच्या उजवीकडे मांडल्या जाणाऱ्या चित्राहुतींत टिकून राहिल्या, आणि या चित्राहुतींत एक वाटा यमाचाही असतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अतिथी या शब्दाची मनुस्मृतीने दिलेली व्युत्पत्ती अशी, की ज्याचा मुक्काम एका रात्रीपुरताच असल्यामुळे ज्याची स्थिती नित्य नाही तो अतिथी; सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन आलेला पाहुणा या व्याख्येत बसत नाही, पण ती अडचण तूर्त बाजूला ठेवण्यास हरकत नाही.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हे दोन यज्ञ शेजारीशेजारी येतात. कुत्रे, कावळे, किडेमुंग्या यांच्यासाठी अन्न जमिनीवर अलगद ठेवावे, असे तिथे सांगितले आहे. त्याच श्लोकात पतित आणि श्वपच मानलेल्या माणसांनाही याच रांगेत बसवले आहे, आणि भूतदयेचा हा उतारा कौतुकाने सांगणारे बहुतेक जण तेवढा भाग गाळतात. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या सगळ्या मांडणीत भूत हे केवळ घेणारे आहे. ते उंबऱ्याबाहेर थांबते, मिळाले ते खाते आणि निघून जाते. जे भूत खायला येत नाही, ज्याला गृहस्थाच्या अन्नाशी कर्तव्य नाही, आणि जे त्याच अंगणात राहत असल्यामुळे अतिथीच्या जिवाला अपाय करू शकते, त्याच्याविषयी गृहस्थाचे कर्तव्य काय, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. पाश्चात्त्य परंपरेतही तो फारसा आढळत नाही. कांटने 1795 मधील शाश्वत शांततेवरील निबंधात परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क सांगितला, आणि पुढे देरिदाने आतिथ्य या संकल्पनेच्या पोटातच वैर कसे दडलेले असते याची चिकित्सा केली. पण दोघांच्याही विचारात पक्ष दोनच आहेत, दार उघडणारा आणि दारात उभा असलेला. पायरीखाली वेटोळे घालून बसलेला तिसरा पक्ष कोणी मोजलेला नाही.

हा तिसरा पक्ष जिथे रोजच्या व्यवहारात मोजावा लागतो अशी भूमी ऑस्ट्रेलिया आहे. तिथे बुश हा शब्द झुडूप या अर्थाने नव्हे, तर वस्तीबाहेरच्या निलगिरीच्या रानाला, माळाला आणि एकूणच अनागर प्रदेशाला उद्देशून वापरला जातो, आणि मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन या शहरांची उपनगरे पसरत पसरत या बुशच्या इतकी आत शिरली आहेत, की कुठे घर संपते आणि कुठे रान सुरू होते हे कुंपणाच्या फळ्यांवरूनच कळावे. पूर्वेकडच्या राज्यांत आढळणारा ईस्टर्न ब्राउन हा तपकिरी साप, ओढ्याकाठचा टायगर स्नेक, सिडनीच्या परिसरातला फनेल-वेब कोळी, पत्र्याच्या शेडमध्ये आणि अंगणातल्या खुर्चीखाली जाळे विणणारा, पाठीवर लाल पट्टा असलेला रेडबॅक, ही नावे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. यांतल्या सापांना कायद्याचे संरक्षण आहे. अंगणात साप निघाला म्हणून काठी उचलणे हा दंडनीय गुन्हा ठरू शकतो, आणि रीत अशी, की माणसे व पाळीव जनावरे घरात घ्यावीत, सापावर लांबून नजर ठेवावी आणि परवानाधारक सर्पमित्राला फोन करावा, जो त्याला पकडून जवळपासच्याच योग्य जागी सोडून देतो. जवळपासच्याच, हा शब्द पाहुण्याला पचत नाही. त्याच्या मते सापाला नेण्यात काही अर्थ असेल तर तो दूर नेण्यातच आहे. कायद्याच्या मते साप हा त्या जागेचा रहिवासी आहे आणि परक्या जागी सोडलेला साप बहुधा तगत नाही.

भयाचा आणि धोक्याचा आकार सारखा नसतो, हे इथे आकड्यांनीच दाखवता येते. ऑस्ट्रेलियात वर्षाला सुमारे 3000 सर्पदंश होतात आणि त्यांतून सरासरी दोन माणसे दगावतात. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा संशोधकांचा अंदाज आहे. मेलबर्नला निघालेल्या आईवडिलांना साप जपून असे बजावणारे कोकणातले नातेवाईक स्वतः भातखाचरातून अनवाणी चालत असतात, हा विरोधाभास कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑस्ट्रेलियातला साप कमी विषारी आहे म्हणून हा फरक पडलेला नाही, तो तर अनेक बाबतींत अधिकच जहाल आहे. फरक पडतो तो पायातल्या बुटांनी, घरातल्या संडासाने, रात्रीच्या उजेडाने, शेतात वाकणाऱ्या माणसांच्या कमी संख्येने, दवाखान्यात प्रतिविष हाताशी असण्याने, आणि स्ट्रुआन सदरलंड या वैद्याने 1979 मध्ये पुढे आणलेल्या एका साध्या उपायाने. दंश झालेल्या हातापायाला रुंद ताणपट्टी दंशापासून वरपर्यंत घट्ट गुंडाळायची, फळकुट बांधून तो अवयव हलू द्यायचा नाही, रुग्णाला चालू द्यायचे नाही, आणि जखम धुवायची नाही, कारण कातडीवर उरलेल्या विषावरून सापाची जात ओळखता येते. घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने त्या जागेचे मांसच सडत असल्याने भारतात ही पट्टी सरसकट सुचवली जात नाही. म्हणजे ज्ञानदेखील भूमीगणिक बदलते, आणि एका गावचे शहाणपण दुसऱ्या गावी चालतेच असे नाही.

फनेल-वेब कोळ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. या कोळ्याच्या दंशाने 13 मृत्यू झाल्याची नोंद आहे आणि 1981 मध्ये प्रतिविष उपलब्ध झाल्यापासून एकही नाही. हे प्रतिविष सशांच्या शरीरात तयार करून घेतले जाते आणि त्यासाठी लागणारे विष जिवंत कोळ्यांपासून काढावे लागते. सिडनीच्या उत्तरेला सॉमर्सबी येथील सरीसृप उद्यानात नागरिकांनी काचेच्या बरणीत धरून आणलेले नर कोळी स्वीकारले जातात आणि त्यांचे विष थेंबाथेंबाने गोळा केले जाते. ज्याचे भय त्याच्याकडूनच अभय, असा हा व्यवहार आहे. अभय या शब्दाला भारतीय परंपरेत दानाचा दर्जा आहे, आणि सर्व दानांत अभयदान थोर मानले गेले आहे. परंतु दान म्हटले की दात्याजवळ ती वस्तू असावी लागते, आणि यजमानाजवळ अभय असते का, हाच तर प्रश्न आहे. त्याच्याजवळ असते ती माहिती, सवय आणि बरणी.

या प्रश्नाला मराठी बाजू आहे ती मेलबर्न आणि सिडनी येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांमुळे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गेलेल्या या पिढीकडे नातवंडांच्या निमित्ताने आईवडील काही महिने राहायला येतात, आणि ज्या घरात आयुष्यभर आईने पाहुण्यांचे केले तिथे आता तिचा मुलगा यजमान आणि ती अतिथी ठरते. या उलटापालटीचा ताण सुनेच्या स्वयंपाकघरात जितका जाणवतो तितकाच दाराबाहेरच्या चपलांच्या मांडणीवर जाणवतो. मराठी घराचा संस्कार पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढण्याचा; ऑस्ट्रेलियातल्या बुशलगतच्या घराचा शिरस्ता असा, की रात्रभर बाहेर राहिलेला बूट पाय घालण्यापूर्वी उलटा करून जमिनीवर दोनदा आपटायचा, कारण उन्हाळ्याच्या दिवसांत मादीच्या शोधात भटकणारा नर कोळी ओलसर, काळोखी जागा पाहून तिथेच मुक्काम ठोकतो. सत्तरीतल्या सासूबाई पहाटे फुलांची परडी घेऊन अनवाणी मागच्या अंगणात निघतात, आणि कपड्यांच्या दोरीजवळ थांबून सून त्यांना बंद बूट घालायला सांगते. देवाची फुले बुटाने तोडायची का, हा सासूबाईंचा सवाल खोडसाळ नाही. शुचितेचे दोन नियम तिथे समोरासमोर येतात. एक विटाळापासून जपणारा, दुसरा विषापासून. बहुतेक घरांत यावर तोड निघते ती फुलांसाठी वेगळे ठेवलेल्या रबरी बुटांच्या जोडाने, आणि शास्त्रकारांनी आपद्धर्म म्हणून जे मान्य केले त्यात हे सहज बसावे.

नागपंचमीचे तिथे जे होते त्याकडेही पाहण्यासारखे आहे. श्रावण शुद्ध पंचमी दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळ्यात येते, आणि मेलबर्नकडचे साप त्या वेळी दगडांच्या फटीत नाहीतर बिळात निपचित पडलेले असतात. पाटावर काढलेल्या नागाची पूजा होते तेव्हा बाहेरचा नाग झोपलेला असतो, आणि तो जागा होऊन उन्हाला येतो तेव्हा सप्टेंबर उजाडलेला असतो. सणाचा ऋतूशी असलेला सांधा असा निखळला, तरी सणाचा गाभा मात्र त्यामुळे अधिक स्पष्ट दिसू लागतो. महाराष्ट्रात नागपंचमीची जी व्रते पाळली गेली त्यांत दुधाच्या वाटीला नको इतके महत्त्व आले आहे, कारण साप दूध पीत नाही. पण त्याच दिवशी जमीन खणू नये, नांगरू नये, काही चिरू नये, तळू नये, हे जे नकार आहेत, ते पावसात बिळाबाहेर पडलेल्या प्राण्याच्या वाटेतून एक दिवस बाजूला होण्याचे नियम आहेत. देण्यापेक्षा आवरण्यावर त्यांचा भर आहे.

हा भेद महत्त्वाचा ठरतो तो क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगतच्या कगारी या वाळूच्या बेटावर, ज्याला पूर्वी फ्रेझर बेट म्हणत आणि 2023 मध्ये ज्याचे मूळ नाव अधिकृतपणे परत देण्यात आले. या बेटावर डिंगो, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी त्या खंडात येऊन रानटी झालेले कुत्रे, मोकळे फिरतात, आणि त्यांना खाऊ घालणे हा जबर दंडाचा गुन्हा आहे. ज्या पाहुण्याच्या संस्कारात कुत्र्याला पोळी घालणे पुण्याचे, त्याला हा नियम निष्ठुर वाटतो. पण माणसाच्या हातून खाल्लेला डिंगो माणसाला भीनासा होतो, मग मागू लागतो, मग हिसकावू लागतो, आणि एक दिवस चावतो. 2001 मध्ये तिथे नऊ वर्षांचा मुलगा डिंगोंच्या हल्ल्यात मरण पावला, तेव्हा प्रशासनाने तीसच्या आसपास डिंगो मारून टाकले. तिथे घास टाकणाऱ्याच्या हातून एका भुताचाच बळी जातो, मग बळी या शब्दाचा कोणताही अर्थ घ्यावा. यावरून भूतयज्ञ कालबाह्य झाला असे म्हणणे घाईचे होईल. भूतयज्ञाचे मर्म वाटा ठेवण्यात असेल, तर वाटा म्हणजे अन्नच असले पाहिजे असे नाही. अंतर हाही वाटा असू शकतो, आणि ज्या भुताला माणसाचे अन्न घातक आहे त्याच्यासाठी तोच एक वाटा उरतो.

ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत घरट्याची राखण करणारा मॅगपाय हा काळापांढरा पक्षी असाच वाटा मागतो आणि न मिळाल्यास सायकलवाल्याच्या डोक्यावर झेप घेतो. म्हणून त्या दिवसांत शिरस्त्राणाला प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदराच्या काट्यांसारख्या लावून फिरणारी सभ्य माणसे दिसतात. हा पक्षी माणसांचे चेहरे ओळखतो आणि ठरावीक माणसांवरच पुन्हा पुन्हा धावून जातो. ओळखीचा हा मुद्दा पुढे वेगळ्या रीतीने येणार आहे.

पाहुण्याच्या भयाशी यजमान कसा वागतो यावरून त्याच्या आतिथ्याची पारख होते, आणि या बाबतीत ऑस्ट्रेलियन माणसाने एक खास चाल काढली आहे. परदेशी पाहुण्याला तो गंभीर चेहऱ्याने सांगतो, की झाडांवर ड्रॉप बेअर नावाचे कोआलासारखेच, पण मांसाहारी अस्वल दबा धरून बसते आणि खालून जाणाऱ्याच्या मानेवर उडी घेते, आणि ते परक्या माणसाचा उच्चार बरोबर ओळखते. असा प्राणी अस्तित्वात नाही. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने मात्र आपल्या संकेतस्थळावर त्याची शास्त्रीय नावासह नोंद ठेवून या थट्टेला हातभार लावला आहे. गावच्या पाहुण्याला पिंपळावरच्या मुंजाची भीती घालण्यासारखाच हा प्रकार, आणि त्यातून पाहुणा हसत हसत घरचा होतो हे नाकारता येत नाही. दोष दुसरीकडे आहे. ज्याला एकदा खोट्या अस्वलाने फसवले, तो उत्तरेकडच्या समुद्रात बॉक्स जेलीफिशच्या मोसमात न उतरण्याची पाटीही थट्टा समजू शकतो, आणि लाल-पिवळ्या निशाणांच्या बाहेर पोहू नका हे सांगणाऱ्या जीवरक्षकाकडे काणाडोळा करू शकतो. किनाऱ्यावरून आत ओढून नेणारे प्रवाह शार्कपेक्षा कितीतरी अधिक बळी घेतात, पण प्रवाहाला दात नसल्याने त्याची भीती वाटत नाही आणि त्याच्यावर विनोदही होत नाहीत.

यजमान आणि मृत्यू यांचा संबंध भारतीय साहित्यात ज्या एका जागी अत्यंत उघडपणे आला आहे ती कठोपनिषदाची सुरुवात होय. बापाने रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकलेला नचिकेता यमाच्या घरी पोचतो, तेव्हा यम घरी नसतो. ब्राह्मण अतिथी तीन रात्री उपाशी राहतो, आणि परतलेल्या यमाला सांगितले जाते, की असा अतिथी घरात अग्नीच्या रूपाने प्रवेश करतो आणि तो उपाशी राहिला तर यजमानाची आशा, पुण्य, संतती, गुरेढोरे असे सारे नष्ट होते. या कथेच्या आत्मविद्येवर भाष्यकारांनी अपार लिहिले. तिच्यातल्या गृहव्यवस्थेकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले. मृत्यू स्वतः यजमान आहे, आणि त्याच्या हातून घडलेला अपराध कोणता, तर अनुपस्थिती. त्याने अतिथीला मारले नाही, भिववले नाही. तो तिथे नव्हता, एवढेच. भरपाई म्हणून तो तीन वर देतो, आणि तिसऱ्या वराने नचिकेता जेव्हा मृत्यूविषयीच विचारतो, तेव्हा हत्ती, घोडे, जमीन, दीर्घायुषी मुले-नातवंडे, रथातल्या सुंदरी असे सगळे देऊ करून यम त्याला त्या प्रश्नापासून वळवू पाहतो. परक्या देशातून आलेल्याला समुद्रकिनारे, बार्बेक्यू आणि कोआला दाखवून, सापाचा विषय निघताच असे काही नसते हो म्हणणाऱ्या यजमानाची ही मूळ प्रतिमा आहे. नचिकेता या आमिषाला भुलला नाही म्हणून यमाला शेवटी यजमानाचे खरे काम करावे लागले, ते म्हणजे आपल्या घरात काय आहे ते सांगणे.

परंतु आपले घर असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात टाळता येत नाही. ती भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, या वसाहतकालीन गृहीतकाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये माबो खटल्याच्या निकालात मूठमाती दिली, आणि त्या अर्थाने 1788 नंतर आलेले सगळेच, मग ते इंग्लंडातून आलेले असोत की साताऱ्यातून, पाहुण्याघरचे पाहुणे ठरतात. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत परक्याला आपल्या प्रदेशात आणताना त्या जागेच्या जाणत्या माणसाने आपल्या काखेतला घाम त्याच्या अंगाला लावायचा, किंवा तिथल्या पाण्याने त्याचे डोके भिजवायचे, अशी रीत आहे. यामुळे ती भूमी, तिथले पूर्वज आणि पाण्यातला सर्प त्या परक्याचा वास ओळखतात आणि त्याला इजा करीत नाहीत. पश्चिमेकडच्या नूंगार लोकांत पाण्याजवळ जाताना वाळूची मूठ आत टाकून वागल या सर्परूप शक्तीला आपण आल्याची वर्दी देतात. सार्वजनिक समारंभांत आज सर्रास होणारा भूमिस्वागताचा विधी ज्या रूपात रूढ झाला, त्याची सुरुवात 1976 मध्ये पर्थ येथे झाली असे मानतात, आणि त्याचे निमित्त परदेशी पाहुणेच होते: न्यूझीलंड आणि कुक बेटांवरून आलेल्या कलावंतांना त्या भूमीच्या लोकांनी स्वागत केल्याशिवाय तिथे नाचणे प्रशस्त वाटेना, म्हणून रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो यांनी त्यांचे स्वागत केले. या सर्व रीतींत साप हलवला जात नाही. पाहुण्याची सापाशी ओळख करून दिली जाते, आणि ओळख करून देणारा स्वतः जामीन राहतो.

जामीन राहणे म्हणजे काय, हे मध्य ऑस्ट्रेलियातल्या अनांगू लोकांनी दाखवले. उलुरू हा प्रचंड तांबडा खडक 26 ऑक्टोबर 1985 रोजी त्यांना कागदोपत्री परत मिळाला, पण त्यावर चढणारे पर्यटक थांबले नाहीत, आणि 1950 च्या दशकापासून किमान 37 जण त्या चढणीत मरण पावले. त्या खडकावर चढणे जुकुरपा, म्हणजे सृष्टीची उत्पत्ती, आचार आणि कायदा या तिन्हींना व्यापणारी त्यांची परंपरा, हिला धरून नाही हे कारण सर्वांना ठाऊक असते. दुसरे कारण तितके ठाऊक नसते: आपल्या भूमीवर आलेल्याच्या जिवाची जबाबदारी आपली आहे आणि तो दगावला तर दुःख आपल्याला भोगावे लागते, असे अनांगू सांगत आले. न विचारता वर चढलेल्या, ओळखदेख नसलेल्या परक्याचे सुतक त्या भूमीचे यजमान पाळत होते. 26 ऑक्टोबर 2019 रोजी चढाई कायमची बंद झाली.

त्याच खडकाच्या पायथ्याशी 17 ऑगस्ट 1980 च्या रात्री अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी तंबूतून नाहीशी झाली. डिंगोने नेले, असे आई लिंडी सांगत राहिली, आणि माग काढणाऱ्या आदिवासींनीही वाळूत डिंगोचेच माग वाचले होते. परंतु देशाने विश्वास ठेवला तो अफवेवर. आईवडील सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या अल्पसंख्य ख्रिस्ती पंथाचे, बाप धर्मोपदेशक, म्हणून मुलीच्या नावाचा अर्थ रानातला बळी असा होतो अशी कंडी पिकली, वास्तविक त्या हिब्रू नावाचा अर्थ ईश्वराने साहाय्य केलेला असा आहे. 1982 मध्ये आईला जन्मठेप झाली, 1986 मध्ये मुलीचा अंगरखा डिंगोंच्या वावरात सापडल्यावर ती सुटली, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोने नेले हे अधिकृतपणे लिहिले जायला 2012 साल उजाडले. प्राण्याने माणसाला खावे हे मान्य करण्यापेक्षा आईने पोटच्या पोरीला मारावे हे मान्य करणे एका सुशिक्षित समाजाला सोपे गेले. या अस्वीकाराची मुळे खोल आहेत, आणि ती उकरून पाहण्याचे काम एका तत्त्वज्ञ बाईने स्वतःच्या देहाच्या मोलाने केले.

व्हॅल प्लमवुड या पर्यावरणविषयक तत्त्वज्ञानातल्या ख्यातनाम विदुषी फेब्रुवारी 1985 मध्ये, ऐन पावसाळ्यात, उत्तरेकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात एकट्याच डोंगी वल्हवीत गेल्या असता खाऱ्या पाण्याच्या मगरीने डोंगीवर हल्ला केला. काठावरच्या झाडाच्या फांदीकडे त्या झेपावत असताना मगरीने त्यांना मांड्यांमध्ये पकडले आणि पाण्याखाली नेऊन तीनदा गरगरा लोळवले. कशाबशा सुटून, चिखलाच्या दरडीवरून चढून, फाटलेला पाय ओढीत त्या कित्येक तास वनरक्षकांच्या ठाण्याच्या दिशेने सरकत राहिल्या आणि वाचल्या. त्या भूमीच्या मूळ मालकांचा सल्ला आपण घेतला नव्हता, हे त्यांनी नंतर लिहिताना लपवले नाही. मगरीला शोधून ठार मारण्याचा विचार पुढे आला तेव्हा त्यांनी विरोध केला: मगर स्वतःच्या घरी होती, घुसखोर आपण होतो. खाऱ्या पाण्याच्या मगरींना त्या प्रदेशात 1971 पासून संरक्षण आहे, आणि तेव्हा सुमारे 3000 असलेली त्यांची संख्या आता लाखाच्या घरात आहे. प्लमवुड यांच्या मते माणूस स्वतःला अन्नसाखळीच्या वर, केवळ खाणारा समजतो. मगरीच्या डोळ्यांत पाहताना त्यांना प्रथम कळले, की आपणही मांस आहोत, आणि हे जग अन्याय्य वाटले तरी त्याचा हिशेब निराळा आहे.

महाभारताच्या वनपर्वातल्या शिबीच्या कथेत हाच हिशेब ससाणा मांडतो. शरण आलेल्या कबुतराला राजा अभय देतो, तेव्हा ससाणा विचारतो, की हे माझे अन्न आहे, ते हिरावून तू मला आणि माझ्या पिलांना उपाशी मारतोस, मग हा धर्म कसला? राजाला या युक्तिवादाचे उत्तर सापडत नाही. तो स्वतःचे मांस कापून तागडीत घालतो, आणि कबुतराचे पारडे जड होत जाते तेव्हा स्वतःच तागडीत चढतो. कीर्तनकारांनी या कथेला त्यागाचा महिमा म्हणून रंगवले. त्याआधी मात्र ती एका कबुलीची कथा आहे: आश्रिताला वाचवायचे, तर भक्षकाचा हक्क खोटा ठरवून चालत नाही, तो भागवावा लागतो, आणि त्याची किंमत यजमानाच्या अंगावर पडते.

याचे सर्वांत उघड विधान तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत आहे. अतिथीला देव मानण्याचा सुप्रसिद्ध उपदेश त्याच उपनिषदाच्या शीक्षावल्लीत येतो आणि तो विमानतळांवरच्या भिंतींपासून हॉटेलांच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे पोचला आहे. भृगुवल्लीतला तितका पोचला नाही. तिथे शेवटच्या अनुवाकाची, म्हणजे परिच्छेदाची, सुरुवात निवाऱ्याला आलेल्या कोणालाही परत लावू नये या व्रताने होते, आणि त्याच अनुवाकाच्या शेवटी ज्ञानी पुरुष विस्मयाने गाऊ लागतो, की मी अन्न आहे आणि मीच अन्न खाणारा आहे. मधल्या तत्त्वचर्चेमुळे ही दोन टोके वाचकाला लांबची वाटतात. पण अनुवाक एकच आहे. दार उघडे ठेवण्यापासून सुरू झालेले व्रत आपणही कोणाचे तरी अन्न आहोत या जाणिवेपर्यंत जाते, आणि अतिथी व भूत यांना दोन वेगळ्या यज्ञांत वाटून घेणारी स्मृतीची व्यवस्था या उपनिषदात अजून झालेली दिसत नाही.

प्लमवुड न्यू साउथ वेल्समधल्या ब्रेडवुड गावाजवळच्या ज्या डोंगरावर राहत, त्या डोंगरावरच्या झाडाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले होते. 2008 मध्ये त्या आपल्या घरी मृतावस्थेत आढळल्या तेव्हा साप चावला असावा, अशी बातमी आधी पसरली. मृत्यू मेंदूच्या झटक्याने झाल्याचे नंतर कळले. मृतदेह पेटीत बंद करून किड्यामुंग्यांपासून राखण्याच्या रीतीविरुद्ध त्यांनी लिहिले होते. त्यांना त्याच डोंगरावर, रानाच्या मातीत पुरण्यात आले.